यादीत नसलेला फोन

गेली चौदा वर्षं माझं पोट मोबाइल टॉवरच्या आकड्यांवर चालतं. टॉवर उभा करणारी माणसं वेगळी, वर चढून अँटेना बांधणारी वेगळी. मी पुण्यात खुर्चीत बसून कोणता टॉवर कुणाला किती देतोय ते बघतो, आणि गरज पडली तर सेटिंगमधला एखादा आकडा बदलतो. अम्मीला हे काम अजून नीट कळलेलं नाही. जुन्नरला तिच्या मैत्रिणींना ती सांगते, "मोबाइल के दफ्तर में है." अब्बांना मात्र एकदाच सांगावं लागलं होतं. मी म्हटलं, एका टॉवरवर दीडदोनशे फोन असतात, सगळ्यांना एकाच वेळी भरपूर देता येत नाही, म्हणून पाळी लावावी लागते. ते म्हणाले, "मतलब शेजपाळी."

आम्ही बागवान. जुन्नरात घर, आणि नारायणगावच्या पूर्वेला एका चारीच्या शेवटच्या टोकाला दोन एकर जमीन. कुकडी प्रकल्पाचं पाणी. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे अशी पाच धरणं या प्रकल्पात येतात, आणि त्यांचं पाणी खाली पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत मागितलं जातं. आवर्तन कधी सोडायचं यावरून दर उन्हाळ्यात होणारी भांडणं पेपरात येतात ती तालुक्यातालुक्यांतली. एका चारीवरची भांडणं पेपरात येत नाहीत. ती रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात होतात.

शेजपाळी म्हणजे एका चारीवरच्या शेतकऱ्यांना क्षेत्र आणि पीक बघून नेमून दिलेले पाण्याचे तास. नियम टेल टू हेड, म्हणजे आधी शेवटच्याला द्यायचं आणि मग वर वर यायचं. कागदावर फार समंजस नियम आहे. टेलला पाणी पोचेपर्यंत वाटेत किती ठिकाणी दार वर होतं, हे ज्याची जमीन टेलला आहे त्याला विचारा. पण मला आज आठवतंय ते वेगळं. ही यादी तयार होते ती अर्जांवरून. नमुना नंबर सात भरला, मुदतीत दिला, तर यादीत नाव. नाही भरला तर त्या आवर्तनात तुमचं शेत पाटबंधारेवाल्यांच्या हिशेबात नाही. तुमचा कांदा जळत असला तरी यादी बरोबरच असते.

मी आठवीत असल्यापासून अब्बा मला हे अर्ज भरायला बसवायचे. आमचा एक आणि शेजारच्या चारपाच जणांचे. त्यातल्या एका म्हातारबाबांना अक्षर येत नव्हतं आणि सरकारी कागदाची भीती वाटायची. एका वर्षी माझी परीक्षा होती, त्यांचा अर्ज राहिला. आवर्तन आलं, शेजपाळीप्रमाणे सगळ्यांना मिनिटामिनिटाचा हिशेब झाला, कुणावर अन्याय झाला नाही असं सगळे म्हणाले. त्यांचं शेत मात्र कोरडं गेलं. अब्बा मला काही बोलले नाहीत. त्यांनी आपल्या पाळीतला अर्धा तास बाबांच्या शेताकडे वळवला, आणि त्यावरून चारीवर वेगळं भांडण झालं.

आता टॉवरकडे येतो. हे जरा तपशिलात सांगायला लागेल, कारण पुढची गोष्ट त्या तपशिलातच आहे.

फोरजीचा टॉवर आपल्याकडची जागा छोट्या तुकड्यांत वाटतो. दहा मेगाहर्ट्झची पट्टी असेल तर तिचे पन्नास तुकडे. वाटप दर मिलिसेकंदाला नव्यानं होतं, म्हणजे सेकंदाला हजार वेळा शेजपाळी लागते. ती लावणाऱ्या प्रोग्रॅमला शेड्युलर म्हणतात. त्याच्यापुढचा प्रश्न पाटकऱ्यापुढच्या प्रश्नासारखाच आहे, फक्त एका बाबतीत जास्त अवघड. पाण्याचा एक घनफूट हेडलाही एक घनफूट आणि टेललाही, गळती सोडली तर. रेडिओचा एक तुकडा मात्र सगळ्यांना सारखा उपयोगी पडत नाही. टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या फोनला त्या तुकड्यात टॉवर भरभर, दाटीवाटीनं माहिती पाठवू शकतो. डोंगराआडच्या फोनला तीच माहिती सावकाश, पुन्हा पुन्हा घोकून सांगावी लागते. फोरजीच्या प्रमाणित तक्त्यात सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट दर्जाच्या फोनमध्ये यामुळे छत्तीस पटींचा फरक पडतो. तेवढ्याच जागेत एकाला छत्तीस ओंजळी, दुसऱ्याला एक.

अशा वेळी न्याय्य वाटप म्हणजे काय? समजा दोनच फोन आहेत. सगळी जागा दिली तर जवळच्याला सेकंदाला २० मेगाबिट मिळतात, लांबच्याला १. सगळं जवळच्याला देऊन टाकलं तर टॉवरची एकूण कमाई २०, लांबच्याला शून्य. दोघांना सारखाच वेग मिळावा असा हट्ट धरला तर एकवीस भागांतले वीस भाग लांबच्याला द्यावे लागतात, आणि दोघांच्याही हाती एक मेगाबिटसुद्धा पुरता येत नाही. अर्धा अर्धा वेळ दिला तर जवळच्याला १०, लांबच्याला अर्धा. केम्ब्रिजचे गणिती फ्रँक केली यांनी १९९७-९८ च्या सुमारास यासाठी एक कसोटी मांडली. वाटपात बदल करताना कुणाचं किती टक्के वाढलं आणि कुणाचं किती टक्के घटलं त्याची बेरीज करायची. कुठलाही बदल केला तरी ती बेरीज शून्याच्या वर जात नसेल, तर आहे ते वाटप ठीक. गरिबाचे पन्नास टक्के आणि श्रीमंताचे पन्नास टक्के इथं सारखे मोजले जातात. वरच्या उदाहरणात या कसोटीला अर्धा अर्धा वेळ उतरतो. पुढे डेव्हिड त्से यांनी क्वालकॉमसाठी मोबाइलचा शेड्युलर याच तत्त्वावर बसवला. या क्षणी एखाद्या फोनला किती वेग मिळू शकतो त्याला, आजवर त्याला सरासरी किती मिळाला त्यानं भागायचं. ज्याचा भागाकार मोठा त्याची पाळी. बराच वेळ उपाशी राहिलेल्याची सरासरी खाली येते, भागाकार वाढतो, आणि त्याचा नंबर लागतो. आजही बहुतेक टॉवरवर याच कल्पनेचं कुठलंतरी रूप चालतं. मला ती पहिल्यांदा शिकवली तेव्हा मी मनात म्हटलं होतं, अब्बांना हे आवडेल.

पण भागाकारातला वरचा आकडा आणायचा कुठून? या क्षणी फोनला किती वेग मिळू शकतो हे टॉवरला आपोआप कळत नाही. ते फोननंच सांगावं लागतं. हा झाला त्याचा नमुना नंबर सात.

आता हिशेब करा. दोनशे फोन, प्रत्येकानं पन्नास तुकड्यांचा दर्जा सांगायचा, दर्जासाठी सोळा पायऱ्या म्हणजे चार बिट, आणि हे दर मिलिसेकंदाला. सेकंदाला चार कोटी बिट नुसत्या अर्जांतच गेले. फोनकडून टॉवरकडे जाणारा रस्ता तेवढ्यानंच तुंबेल. म्हणून फोननं थोडक्यात सांगायचं असतं. सगळ्या पट्टीचा मिळून एकच शेरा द्यायचा, किंवा आपल्याला चांगले वाटणारे चारदोन तुकडे तेवढे कळवायचे, तेही काही मिलिसेकंदांच्या अंतरानं. म्हणजे शेड्युलर जो न्याय करतो तो अपुऱ्या आणि किंचित शिळ्या माहितीवर. घाटातून जाणाऱ्या एसटीत बसलेल्याचा अर्ज टॉवरला मिळेपर्यंत एसटी वळणापलीकडे गेलेली असते.

एक मार्ग संशोधकांनी सुचवला. सगळ्यांनी बोलायचंच कशाला? ज्याचा दर्जा ठरावीक पातळीच्या वर आहे त्यानंच बोलावं, बाकीच्यांनी गप्प बसावं. डेव्हिड गेस्बर्ट आणि मोहम्मद-स्लिम अलुइनी यांचा २००४ सालचा निबंध यावरच आहे. अर्जांचा ढीग एकदम कमी होतो आणि एकूण वेगात फारसा तोटा होत नाही. फक्त ती पातळी सगळ्यांना एकच ठेवली तर लांबचा फोन कधीच तिच्यावर जात नाही, म्हणजे कायमचा गप्प. उपाय असा की प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या सरासरीशी करायची. रोज ज्याला दर्जा दोन मिळतो त्याला आज चार मिळत असेल तर ती त्याच्यासाठी सुगी आहे, त्यानं आत्ता हात वर करावा. कागदावर हे एवढंसं वाक्य आहे. मला त्याचं मोल फार उशिरा कळलं.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुठल्याही प्रोग्रॅमच्या हातातली नाही. टॉवरचा आवाज वीसचाळीस वॉटचा. फोनचा फार तर पावभर वॉटचा, खरं तर त्याहूनही कमी. त्यामुळे डोंगरात असं होतं की टॉवरचं फोनला ऐकू येतं, फोनचं टॉवरला नाही. तुमच्या स्क्रीनवर एक काडी दिसत असते, तुम्ही बटण दाबत राहता, आणि टॉवरच्या हिशेबी तुम्ही तोंडच उघडलेलं नसतं.

खोडद आमच्या शेतापासून लांब नाही. लहानपणी मी आणि भाई सायकलवर त्या मोठाल्या तबकड्या बघायला जायचो. पंचेचाळीस मीटर व्यासाची एक, अशा तीस. चौदा मध्यभागी, बाकीच्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दुर्बीण इथं बांधली, कारण या भागात रेडिओचा गोंगाट कमी होता आणि भोवती डोंगरांचा आडोसा होता. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला, जवळजवळ नसल्यातच जमा असा सिग्नल ऐकण्यासाठी एवढा सगळा खटाटोप. आपले मोबाइल त्यांच्या दृष्टीनं गोंगाट. आमच्या धंद्यात खोडदचं नाव निघालं की लोक जरा कपाळाला आठ्या घालतात. मला मात्र त्या तबकड्यांचा अभिमान वाटतो, आणि हे मी ऑफिसात बोलत नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे आंबेगावच्या पश्चिमेकडचे काही टॉवर होते. डिंभ्याच्या आसपासच्या एका टॉवरचा एक सेक्टर सतत लाल दिसायचा. सरासरी वेग कमी, कॉल तुटण्याचं प्रमाण जास्त. आमच्याकडे एक आलेख असतो, फोन टॉवरपासून किती अंतरावर आहेत ते दाखवणारा. बहुतेक फोन तीनचार किलोमीटरच्या आत होते. मग आलेख जमिनीला टेकला होता, आणि दहाअकरा किलोमीटरवर पुन्हा एक बारीक शेपूट होतं. धरणाच्या पाण्यावरून सिग्नल लांबपर्यंत जातो. पलीकडच्या काठावरच्या, डोंगराच्या कुशीतल्या कुठल्यातरी वाड्यांवरून थोडे फोन आमच्या टॉवरला कसेबसे चिकटलेले होते. एकेका फोटोसाठी ढीगभर तुकडे खायचे आणि मधेच तुटायचे.

यावर पुस्तकी इलाज आहे. टॉवर जाहीर करतो की किमान एवढ्या ताकदीनं मी ऐकू येत असेन तरच माझ्याकडे या. तो आकडा उणे १२२ होता. मी तो उणे ११२ केला. दहा डेसिबलचा फरक, म्हणजे आता पूर्वीपेक्षा दहापट ठळक ऐकू आलं तरच दार उघडं. कामाला दोन मिनिटंही लागली नाहीत. आठवड्याभरात शेपूट नाहीसं झालं. सरासरी वेग वाढला, तुटलेले कॉल घटले, लाल रकाना हिरवा झाला. न्याय्य वाटपाचा एक निर्देशांक असतो, राज जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली सुचवलेला. सगळ्यांना सारखं मिळालं तर तो एक येतो. तोही सुधारला. महिन्याच्या बैठकीत माझं नाव घेतलं गेलं.

तो निर्देशांक कसा सुधारतो ते बघा. पाच फोन आहेत, चौघांना चारचार मिळतात, पाचव्याला काहीच नाही. सूत्रात घातलं तर उत्तर ०.८ येतं. आता पाचव्याला यादीतूनच काढा. चौघांना चारचार, उत्तर १. कुणाला काही जास्त मिळालेलं नाही. भागायला घेतलेली माणसं एकानं कमी झाली, एवढंच.

भाई माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्या वेळी तो आहुपे खोऱ्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत होता. महादेव कोळी समाजाची वस्ती, भातशेती आणि हिरडा. घोडेगावात खोली करून राहायचा, सकाळी मोटारसायकलनं वर जायचा. सण असला की दोघं जुन्नरला भेटायचो. शाळेत रेंज नाही अशी तक्रार त्यानं कधीतरी केली असेल, मी ती भावाची नेहमीची कुरकूर म्हणून सोडून दिली असेल. त्याची शाळा नकाशावर नेमकी कुठं येते हे बघायचं मला एकदाही सुचलं नाही. सगळ्या जगाचे अक्षांश रेखांश माझ्या स्क्रीनवर असायचे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शाळा बंद असल्या तरी शिक्षण सुरू राहील असं सरकारनं जाहीर केलं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलं, हिरड्याची झाडं पडली, विजेचे खांब पडले. वीज आली तरी भाईचे धडे वाडीवर पोचेनात. तो व्हॉट्सअॅपवर स्वाध्याय टाकायचा आणि त्यापुढं एकच बरोबरची खूण तासन् तास दिसत राहायची. अकरा घरांत मिळून चार स्मार्टफोन. एका रात्री त्यानं मला फोन केला. म्हणाला, "मुलं सांगतात, आधी शाळेच्या वरच्या कातळावर बसलं की फोरजी यायचं. गेल्या वर्षीपासून येत नाही. तुमच्या टॉवरनं तोंड फिरवलं का?"

कोणत्या महिन्यापासून, मी विचारलं. तो म्हणाला, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर.

फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. नकाशावर टॉवरपासून शाळेच्या कातळापर्यंत रेघ ओढली. दहा किलोमीटर आणि सातशे मीटर.

मी स्वतःला समजावायचा प्रयत्न केला नाही असं नाही. इंजिनिअर म्हणून मी चूक केलीच नव्हती. त्या शेपटातल्या एका फोनला द्यायला जेवढी जागा लागायची तेवढ्यात टॉवरजवळच्या गावातल्या तीसपस्तीस जणांचं काम होत होतं, आणि त्या गावातही मुलं होती, त्यांचेही वर्ग फोनवरच चालू होते. ते अजूनही खरं आहे. शेड्युलरनं हे वजन केलं असतं आणि वाडीला थोडंसंच दिलं असतं, तर मला बोलायला जागा नव्हती. केलीच्या कसोटीनं वाडीतल्या फोनला सावकाश का होईना, पाळी मिळाली असती. मी ते वजन शेड्युलरपर्यंत जाऊच दिलं नाही. मी अर्ज घेण्याची खिडकी बंद केली आणि मग यादी किती व्यवस्थित आहे ते मोजलं.

मला राग आला तो मुख्यतः एका गोष्टीचा. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक तक्रारीची नोंद होते, वर्गवारी होते, किती तासांत सोडवली ते मोजलं जातं. त्या सेक्टरमध्ये बदलानंतर तक्रारी घटल्या होत्या. तक्रार करायची ती फोनवरूनच. तेराव्या महिन्यात ती माझ्यापर्यंत आली, कारण तक्रार करणारा माझा भाऊ होता.

माळीण याच तालुक्यातलं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि गाव गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं कसं? रोजच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला रस्त्यापुढं गाव दिसेना, त्यानं जाऊन सांगितलं. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यातले टॉवर बघत होतो. पण त्यानंतर अनेकदा मनात आलंय की अशा सकाळी माझ्या स्क्रीनवर काय दिसलं असतं. पंधरावीस फोन कमी. पावसात वीज गेली असेल असं म्हणून मी पुढच्या रकान्याकडे वळलो असतो. एसटीचा चालक तिथं रोज जायचा. गाव नाही हे त्याला दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी आकडा पुन्हा उणे १२० वर आणला. पूर्ण पूर्वपदावर नेण्याचं धाडस झालं नाही. शेपूट परत आलं, रकाना पिवळा झाला. शेऱ्याच्या जागी मी लिहिलं, 'पलीकडच्या काठावरील शाळा व वस्ती, पर्यायी टॉवर नाही.' वरिष्ठांनी विचारलं, किती ग्राहक? मी म्हटलं, चार फोन. ते हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. नवा टॉवर तिथं परवडत नाही हे त्यांनी मला कागदावर मांडून दाखवलं, आणि त्यांचा हिशेबही चूक नव्हता. अशा गावांसाठी केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये सव्वीस हजार कोटींहून मोठी योजना मंजूर केली, जवळपास पंचवीस हजार गावं, काम बीएसएनएलकडे. परवडत नाही तिथं सरकारनं जायचं, हे ठीकच आहे. तोपर्यंत जे आहे त्यातून दार किलकिलं ठेवायला काही फार पैसे लागत नाहीत.

वाडीवर त्यानंतर इंटरनेट धावायला लागलं असं काही झालं नाही. भाई सांगायचा, रात्री अकरानंतर स्वाध्यायाचे फोटो यायला लागले. जवळचं गाव झोपलं की शेड्युलरकडे गर्दी उरायची नाही, मग लांबच्यांची पाळी भराभर लागायची. एक मुलगी सातवीतली, तिचे वडील कातळावर कंदील घेऊन तिच्याबरोबर बसायचे. भाई पहाटे उठून वह्या तपासायचा, म्हणजे फोनवर बोटांनी फोटो मोठे करून. त्याचा चष्म्याचा नंबर त्याच वर्षी वाढला.

आता तर नुसती शाळा राहिलेली नाही. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचा तो ई-पॉस यंत्रावर, त्याला नेटवर्क लागतं. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल अॅपवर, दिवसातून दोनदा फोटोसह. यात जाणारी माहिती अगदी थोडी असते, एखाद्या गाण्याच्या व्हिडिओतले दोनचार सेकंद. पण ती वेळेत गेली नाही तर दिवसाची मजुरी अडते. केलीच्या टक्केवारीत हे कुठं बसतं ते मला अजून कळलेलं नाही. दहा टक्के वेग कमी झाल्यानं एकाचा सिनेमा थोडा अडखळतो आणि दुसऱ्याच्या हजेरीचा रकाना कोरा राहतो. शेड्युलरला दोन्ही दहा टक्केच दिसतात.

अब्बा २०२१ मध्ये गेले. जमीन आम्ही वाट्यानं दिली आहे. नमुना सात अजून मी भरतो, नारायणगावला जाऊन.

गेल्या नोव्हेंबरात सहज म्हणून त्या सेक्टरवर नजर टाकली. तो आता माझ्याकडे नाही, माझी बदली दुसऱ्या विभागात झाली आहे. आकडा उणे ११२ होता. कुणी आणि कधी बदलला त्याची नोंद असतेच. माझ्या जागी आलेला मुलगा हुशार आहे, मीच त्याला पहिले दोन महिने काम शिकवलं होतं. त्याला फोन लावला. बदल का केला हे विचारायची गरज नव्हती, रकाना पिवळा होता आणि त्यानं पुस्तकी इलाज केला होता. माझा जुना शेरा फाइलमध्ये होता, पण फाइल नव्या प्रणालीत आली तेव्हा शेऱ्यांचा रकाना आला नव्हता.

मी त्याला वाडीचं सांगितलं. शाळेचं, कातळाचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग जरा अडखळत म्हणाला, "सर, पण मी बघितलं होतं. तिकडून एकही तक्रार नाही."

शनिवारी सुट्टी आहे का, मी विचारलं. आहे म्हणाला. म्हटलं, मग सकाळी सातला मंचरला थांब, तुझा फोन पूर्ण चार्ज करून आण. मी गाडी घेऊन येतो. भाईची बदली झाली आहे, पण वाट त्याला माहीत आहे. तोही येणार आहे.